मैदानाची भूक

करंजोदचं मैदान माती खातं, असं गावात सगळेच सांगत. त्या सांगण्यात तक्रार नसायची. घरातल्या जास्त जेवणाऱ्या पोराबद्दल बोलावं तसं कौतुकच असायचं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वीर हनुमान फुटबॉल मंडळाचे नवे खेळाडू आपापल्या घरच्या सगळ्यात चांगल्या शेतातून एकेक ट्रॉली काळी माती आणत. आधी प्रत्येकाने एक घमेलं भरून मैदानाच्या मधल्या वर्तुळात हाताने ओतायचं, मग नारळ फुटायचा, मग ट्रॉली उलटी व्हायची आणि जुने खेळाडू फळी ओढून माती पसरायचे. वर्षभराने पाहावं तर मैदान पुन्हा भेगाळलेलं. माती गेली कुठे? मैदानाने खाल्ली. की पुन्हा ट्रॉल्या.

नूतन फेगडे हे लहानपणापासून ऐकत आली होती. मृदाशास्त्रात एमएस्सी करूनही तिला त्यात कधी शंका आली नव्हती, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते याचंच. दोन वर्षं तिने पाच तालुक्यांतल्या शेतांची माती तपासली, कागदावर आकडे लिहून दिले. गावचं मैदान मात्र तिने मैदान म्हणूनच पाहिलं होतं. तिथली माती हातात घ्यायचं कारणच पडलं नव्हतं.

ते कारण मार्चमध्ये पडलं. तिचा धाकटा भाऊ दीपक एकोणीस वर्षांचा, जिल्ह्याच्या संघात नुकतंच नाव आलेलं. सरावात चेंडू घेऊन मधल्या वर्तुळाशी वळला आणि उजवा पाय भेगेत गेला. अंग वळलं, पाय वळला नाही. जळगावच्या डॉक्टरांनी गुडघ्यातले दोन लिगामेंट तुटल्याचं सांगितलं, ऑपरेशन केलं आणि निघताना म्हणाले, चालता येईल, खेळायचं मनातून काढा. दीपकला ते वाक्य इतकं पाठ झालं होतं, की कोणी पाणी आणायला सांगितलं तरी तो म्हणायचा, "चालता येईल. खेळायचं तेवढं सांगू नका."

मैदान सोडायची गोष्ट गावात दोन वर्षांपासून चाललीच होती. नशिराबादच्या बाजूला, हायवेच्या अलीकडे मुरमाड बरडावरची तीन एकर जागा द्यायला ग्रामपंचायत तयार होती. बदल्यात गावालगतचं जुनं मैदान केळीच्या गाड्या भरायला जाणार होतं. आडवे येत होते फक्त नूतनचे आजोबा, पितांबर नाना. मंडळ त्यांनीच काढलेलं. एक्कावन्न वर्षांपूर्वी ते भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होते, तिथल्या कॉलनीतल्या पोरांकडून खेळ शिकले आणि एका रविवारी सायकलच्या कॅरिअरला चेंडू बांधून गावात आले. "मी मेल्यावर न्या मैदान कुठी न्यायचं ते," असं ते प्रत्येक सभेत म्हणायचे आणि सभा तिथेच मोडायची. दीपकच्या ऑपरेशननंतर मात्र नाना त्यावर एक शब्द बोलले नव्हते.

एप्रिलच्या सुरुवातीला योगराज घरी आला. तो मंडळाचा अध्यक्षही होता आणि पोरांना शिकवायचाही तोच.

"नूतन, तू यातलं शिकलीस," तो म्हणाला. "मैदान तपास. दुरुस्त होत असेल तर राहू. होत नसेल तर आखाजीला उठू. जे असेल ते कागदावर लिहून दे, म्हणजे दोन्ही बाजूंची तोंडं बंद होतील."

"जे असेल ते?"

"मग काय, जे नसेल ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती कुदळ, मोजपट्टी आणि सायकलच्या चाकाची एक तार घेऊन मैदानात गेली. साडेनऊनंतर तिथे उभं राहणं शक्य नव्हतं. मैदानाकडेच्या मोरीवर तोताराम आबा बसले होते. नानांचे जोडीदार, मंडळाचे पहिले गोलकीपर. वय चौऱ्याहत्तर, पण रोजची सकाळ अजूनही गोलपोस्टच्या जवळच घालवायची.

"काय बाई, विहीर खणते का?"

"मैदान तपासते, आबा."

"पाणी लागलं तर सांग. मोटार टाकू, केळी लावू. फुटबॉलपेक्षा बरी."

तिने चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक खड्डा घेतला. कोपऱ्यांत नऊ-दहा सेंटिमीटर काळी माती, तिच्याखाली लालसर मुरूम. मधल्या वर्तुळात काळी माती तेवीस सेंटिमीटर, तिच्याखाली तोच मुरूम. दोन्हींच्या मधे सरळ रेघ होती, भिंतीला खालचा पट्टा रंगवावा तशी. जमीन आपली आपण घडते तेव्हा रंग हळूहळू उतरत जातो, अशी रेघ कुठे दिसत नाही. ही रेघ माणसांनी घातलेली होती.

मग तिने तार भेगांत सोडून पाहायला सुरुवात केली. एक्केचाळीस भेगा मोजल्या. रुंदी वेगवेगळी होती, काहींत बोट जाईना, काहींत अख्खा पंजा जाई. पण प्रत्येक भेगेत तार मुरमाला टेकली की थांबायची. मुरमात एकही भेग उतरलेली नव्हती. दीपकचा पाय जिथे गेला, तिथे तार सगळ्यात खोल गेली.

ती खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. मंडळाच्या वहीत दोनशे एकसष्ट खेळाडूंची नावं होती, प्रत्येक नावापुढे माती कोणत्या शेतातली ते लिहिलेलं. सुरुवातीची वर्षं बैलगाड्यांची, पुढची ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची. तिने हातावर पेनने गुणाकार केला. मैदानाचं क्षेत्रफळ, थराची सरासरी जाडी, तितकी माती. थराचे सहाशे चाळीस घनमीटर आले, वहीतल्या गाड्या-ट्रॉल्यांचे सहाशेच्या आसपास. जवळजवळ जुळत होतं. मैदानाने मूठभर मातीसुद्धा खाल्ली नव्हती. सगळी तिथेच होती.

"लागलं का काही?" आबांनी मोरीवरून विचारलं.

"मुरूम लागला."

"लाल ना? तो आमच्या वक्ताचा." आबा उठून आले आणि खड्ड्यात वाकून पाहू लागले. बराच वेळ पाहत राहिले. "लय दिवसांनी पाह्यला," म्हणाले, आणि परत मोरीवर जाऊन बसले.

घरी आल्यावर तिने काचेच्या दोन उभ्या मोजपात्रांत पाणी घेतलं. एकात दहा घनसेंटिमीटर काळी माती, दुसऱ्यात तेवढाच बारीक केलेला मुरूम. चोवीस तास ठेवायचं होतं. दीपक कॉटवर पाय पसरून ते पाहत होता.

"मातीला जुलाब झाले का, ताई? सलाइन लावलीस."

"फुगते का पाहते आहे."

"माझा गुडघा घालून पाहा. तो पण फुगतो."

दुसऱ्या दिवशी मुरूम होता तिथेच होता. काळी माती एकोणिसाच्या रेघेवर होती. जवळजवळ दुप्पट. ओली झाली की ही माती फुगणार, वाळली की आकसून फाटणार. कपाशीला आणि केळीला ती सोन्यासारखी, कारण पाणी धरते. पायाखाली तिच्याइतकी वाईट माती नाही. आणि भेगा पडल्या की गाव त्या बुजवायला आणखी तीच माती आणत होतं. दरवर्षी थर वाढत होता, भेग खोल जात होती. जिथे सगळ्यात जास्त मानाने ओतली, तिथे सगळ्यात खोल.

नूतनला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा आनंदच झाला. कारण यात इलाज होता. ती मोजपात्रं घेऊन ओट्यावर नानांच्या समोर जाऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं. रेघ, तार, फुगणं, आकसणं. नाना ऐकत होते. कामगाराची सवय होती त्यांना, मधे बोलत नसत.

"म्हंजे मैदान माती खात नाई," शेवटी ते म्हणाले.

"नाही नाना. सगळी तिथेच आहे."

"मधल्या वर्तुळात किती?"

"तेवीस सेंटिमीटर."

नानांनी उजवा पंजा ओट्यावर पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एक वीत. ते त्या वितीकडे पाहत राहिले.

"पोराचा पाय तठीच गेला."

 नूतन घाईघाईने पुढचं बोलली, "पण मैदान वाचतं, नाना. खाली मुरूम शाबूत आहे. जेसीबीने दोन दिवसांत काळा थर खरडून काढायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. कुठे जायची गरज नाही. तुम्ही म्हणत होतात ना, इथेच राहायचं."

"पहिली गाडी म्या टाकली," नाना म्हणाले, जणू तिने काही सांगितलंच नव्हतं. "तवा नुसता मुरूम व्हता. तोत्या गोलात झेप घ्यायचा आन गुडघे सोलून निघायचे. एक डाव हाड दिसलं. म्या म्हटलं, काहीतरी मऊ पाहिजे. आपल्या मळ्यातली माती आणली. मळ्याइतकी मऊ माती पंचक्रोशीत नाई."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"शेतकऱ्याच्या पोराले माहीत नाई का, काळी फाटते म्हणून? दर उन्हाळ्यात पाहतो. पण मैदानाले शेतासारखं पाह्यलंच नाई कधी." त्यांनी वीत मिटली. "खरडायचं म्हटलं तर काहाले खरडतो ते सांगावं लागंल."

"हो."

"दीपकले पण."

घरातून दीपकच्या मोबाइलवरचा कुठल्यातरी सामन्याचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"आन ज्यायची माती हाये त्यायले. पंचवीस-तीस तरी मरून गेले त्यातले. त्यायच्या पोरायसमोर ट्रॉल्या भरायच्या आन सांगायचं, तुमच्या बापानं टाकलेली माती वंगाळ व्हती, पोरं लंगडी करत व्हती." नानांचा आवाज चढला नव्हता. "तू लिहून दे, मैदान कामातून गेलं. इलाज नाई."

"नाना, ते खोटं आहे."

"कामातून गेलं हे खोटं हाये का?"

"इलाज आहे ना."

"मी सांगतो ना, नाई."

"तुम्हीच म्हणत होतात, मी मेल्यावर न्या."

"म्हणत व्हतो. तवा मले हे माहीत नव्हतं."

ते उठले. दारातून आत जाताना दीपकच्या कॉटपाशी थांबले, त्याच्या गुडघ्यावरची चादर सारखी केली, आणि मागच्या अंगणात निघून गेले.

नूतनने तीन दिवस अहवाल लिहिला. एरवी असला कागद तिच्या हातून दोन तासांत झाला असता. खड्ड्याच्या कापाचं चित्र तिने काढलं होतं, काळा पट्टा, लाल पट्टा, मधे रेघ. ते चित्र तिने जोडलं नाही. थराची जाडी लिहिली, थर कुठून आला ते लिहिलं नाही. भेगांची संख्या लिहिली. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या ओळीला गेला. 'दुरुस्ती शक्य नाही' असं तिच्या हाताने लिहवेना. शेवटी तिने 'दुरुस्ती व्यवहार्य नाही' असं लिहिलं. हा शब्द थोडा कमी खोटा आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली, आणि सही केली.

सभा मारुतीच्या पारावर संध्याकाळी भरली. चाळीसएक माणसं होती. योगराजने अहवाल मोठ्याने वाचला. आकडे आले तेव्हा लोकांनी माना हलवल्या. आकड्यांना गावात मान होता.

"पोरी," तोताराम आबा म्हणाले, "व्यवहार्य म्हंजे काय ते साध्या भाषेत सांग. दुरुस्त होतं का नाई?"

नूतनने नानांकडे पाहिलं. नाना पाराच्या फरशीवरचा एक डाग पाहत होते.

"नाही होत, आबा."

"तू खणत व्हती तवा म्या पाह्यलं. खाली आमच्या वक्ताचा लाल मुरूम व्हता. मले वाटलं, वरचं काढलं तर तो निंघंल. तसाच घट्ट दिसत व्हता."

 एका माणसाला खोकला आला, तो खोकून थांबला. नूतनला वाटलं, आता नाना बोलतील. नानांना बहुतेक वाटलं असेल, आता ही बोलेल.

"त्याच्यात आता जीव राहिला नाही," ती म्हणाली.

मुरमात जीव नसतो. मुरूम म्हणजे कुजलेला दगड. हे तिला माहीत होतं, आबांना माहीत नव्हतं. आबांनी मान डोलावली.

"शिकलेल्या माणसाले जास्ती समजतं," ते म्हणाले. "मी आपला दिसण्यावर बोललो."

मैदान सोडण्याच्या बाजूने हात वर करायला सांगितले तेव्हा नानांचा हात आधी वर गेला, आणि तो पाहून बाकीचे. आबांचा हात सगळ्यात शेवटी, आणि कोपरापर्यंतच.

आखाजीच्या सकाळी आठच्या आत सगळं मंडळ बरडावर जमलं. पोरांनी आदल्या दिवशीच चुन्याने रेघा आखल्या होत्या, गोलपोस्ट रोवले होते. नूतनने चपला काढून टाच आपटून पाहिली. जमीन ताशासारखी घट्ट होती. लाल मुरूम, उतार हलकासा, पाणी पडलं तरी तासाभरात निथळून जाईल. आदल्या आठवड्यात तिने इथला नमुना मोजपात्रात ठेवला होता, तो तसूभरही फुगला नव्हता. गेले पंधरा दिवस तिला धड जेवण गेलं नव्हतं. तिथे उभं राहून तिच्या मनात आलं, की खोट्यातून का होईना, पोरांना चांगलं मैदान मिळालं. एवढं तरी झालं.

मग हायवेकडून ट्रॅक्टरांचा आवाज आला.

ती मोजू लागली. दरवर्षी पाच-सहा ट्रॉल्या असत. या वेळी अकरा होत्या. नव्या खेळाडूंच्या तर होत्याच, जुन्यांनीही आणल्या होत्या. नवीन घरात जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं. सगळ्या ट्रॉल्या काठोकाठ भरलेल्या, आणि माती अशी काळी, की सकाळच्या उन्हात निळसर दिसत होती.

ती योगराजकडे जवळजवळ धावत गेली.

"दादा, इथे माती नको. हा मुरूमच चांगला आहे."

"अगं, एक थर तर पाहिजेच. नुसत्या मुरमावर पोरांचे गुडघे सोलतील. आणि रीत आहे आपली."

"पण भेगा पडतील."

योगराज हसला. "ते जुन्या मैदानाचं. ते मैदानच खराब होतं, तूच लिहून दिलंस ना? इथे काय भेगा पडतात, ही जमीन चांगली आहे." तो पुढे गेला, आणि चार पावलांवरून मागे वळून म्हणाला, "तुझ्या कागदामुळे सगळं सुरळीत झालं बरं का. नाहीतर अजून दोन वर्षं भांडलो असतो."

तिने तोंड उघडलं. पलीकडे दीपक एका ट्रॉलीला टेकून उभा होता, हातात घमेलं घेऊन. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदाच कुबडीशिवाय इतका लांब आला होता. चारपाच जणांच्या घोळक्यात कशावर तरी हसत होता. तिने तोंड मिटलं.

मान नानांचा होता. पहिली माती त्यांनी टाकायची. आपल्याच मळ्यातल्या मातीचं भरलेलं घमेलं त्यांच्या हातात दिलं गेलं, आणि सगळे मधल्या वर्तुळाभोवती उभे राहिले. एकाच्या हातात नारळ तयार. नाना घमेलं घेऊन चालू लागले. चालता चालता त्यांनी एकदा नूतनकडे पाहिलं. मग कडेच्या चुन्याच्या रेघेपाशी येऊन ते थांबले, आणि रेघेच्या बाहेर, पायाशीच, घमेलं पालथं केलं.

क्षणभर काय झालं ते लोकांना कळलं नाही.

"हात कापतात आता नानाचे," तोताराम आबा हळूच म्हणाले. "वजन झेपलं नसंल. भरलं पण तुम्ही काठोकाठ."

नाना रिकामं घमेलं धरून तिथेच उभे राहिले.

दीपक लंगडत आला. "नाना, पेनल्टी बाहेर मारली," तो म्हणाला, तसे सगळे हसले आणि अवघडलेपण गेलं. तो चांगला पाय दुमडून, आखडलेला पुढे पसरून खाली बसला. नानांच्या हातातलं घमेलं त्याने काढून घेतलं आणि सांडलेली माती दोन्ही हातांनी त्यात भरू लागला. ढेकळं आधी भरली, मग भुगा. शेवटची चिमूटसुद्धा त्याने मुरमावरून पुसून घेतली. मग ट्रॉलीवाल्याचा हात धरून उठला, घमेलं खांद्यावर घेतलं आणि एकेक पाऊल टाकत मध्यभागी गेला.

माती वर्तुळात पडली. नारळ फुटला. पहिल्या ट्रॉलीची मागची फळी खाली आली.

नूतनच्या डोक्यात गुणाकार आपोआप सुरू झाला होता, तिला तो थांबवता येईना. अकरा ट्रॉल्या, एका ट्रॉलीत अठ्ठावीसशे लिटर, मैदान एकोणपन्नासशे पन्नास चौरस मीटर. सहा मिलिमीटर. नुसत्या सहा मिलिमीटरने काही होत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या आखाजीला पाच-सहा ट्रॉल्या आणखी येतील.

"ताई," मधल्या वर्तुळातून दीपकने हाक मारली. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "तुझं पण एक घमेलं होऊ दे. या मैदानावर तर आम्हाला तूच आणलंस."